निळं दही

माझ्या नवऱ्याची कंपनी आमच्या कुवेतच्या घरात, फ्रीजमध्ये होती. अख्खी कंपनी, श्रीखंडाच्या डब्यात.

हसू नका. दिनकर तिथल्या विद्यापीठात प्रयोगशाळेत होते. एका प्रोफेसरांनी त्यांना हाताशी धरून कंपनी काढली. कच्च्या दुधातून माणसाला ताप येतो, आठवडेच्या आठवडे चढतो-उतरतो, तो ओळखायला ह्यांनी एक रेणू घडवला. निसर्गात कुठे नसलेला. पांढऱ्या पातळ द्रवात तो घालायचा. जंतू भेटले की द्रव निळा. मेला कधी व्हायचा, कधी ढिम्म बसायचा.

मग ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं. प्रोफेसर सुट्टीवर परदेशी गेलेले, ते तिकडेच राहिले. सैनिकांनी विद्यापीठातल्या खुर्च्यासुद्धा ट्रकात भरल्या. ह्यांनी उरलेला द्रव श्रीखंडाच्या डब्यात ओतला आणि मांडीवर घेऊन घरी आले. नाक्यावरच्या सैनिकाने झाकण काढून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि सोडलं.

सप्टेंबरात ह्यांना ताप भरला. संध्याकाळी हुडहुडी, रात्री घामाने गादी ओली, कंबर तर पार धरलेली. आमचं क्लिनिक बंद, तपासणार कोण? माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

"अहो, त्या रेणूने एकदा बघा ना."

"वेडी आहेस का? कंपनीचा शेवटचा माल आहे तो! आणि मला तो ताप कसा येईल? बाहेरचं काही खातो का मी?"

असं म्हणून त्यांनी दुधाचा पेला तोंडाला लावला. पावडर मिळेनाशी झाल्यापासून जहरा गावच्या एका बदूकडून, म्हणजे वाळवंटातल्या अरब धनगराकडून, शेळीचं दूध यायचं. हे कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. दूध निरसंच प्यायचं, उकळलं की ताकद जाते! मला त्या दुधाचा वासही सोसत नसे. पण शपथेवर सांगते, तालमीचं दूध आणि रोगाचं दूध ही आमच्या दोघांच्याही डोक्यात वेगवेगळी दुधं होती.

शेजारी रत्नागिरीची रबिया राहायची. चाव्या एकमेकींकडे. तीही त्याच बदूचं दूध घ्यायची, पण चांगलं उकळून. एका सकाळी ती पातेलं घेऊन दारात उभी राहिली, रडवेली.

"भाभी, काल तुम्ही झोपला होतात, म्हणून तुमच्या फ्रीजमधून विरजण नेलं. श्रीखंडाच्या डब्यातलं. पातळ दिसलं, म्हणून बरंचसं घातलं. हे बघा काय झालं! दही लागलं नाही ते नाहीच, वर हा रंग!"

पातेल्यातलं दूध निळंशार होतं.

हे पांघरुणासकट उठून आले. आधी डबा बघितला. तळाशी चमचाभर उरलं होतं. "बुडाली कंपनी!" म्हणून मटकन खालीच बसले. मग पातेल्यात डोकावले आणि हसायला लागले. "चारू, झाला गं निळा! उकळल्यावरसुद्धा झाला! शेळी आजारी आहे, चारू, शेळी आजारी आहे!"

रबिया माझ्याकडे बघायला लागली. मी ह्यांच्याकडे बघत होते.

"आणि ते दूध निरसं कोण पितंय?" मी विचारलं.

हसणं थांबलं. पण शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञच. "एका नमुन्यावर काही सिद्ध होत नाही," म्हणाले. "दुसरा नमुना लागतो."

"बसलाय की समोर!"

"तो उरलेला चमचा तरी ठेव गं. लोकांना काय दाखवू मी?"

मला रडू फुटलं. "लोकांना दाखवायला तुम्ही तरी उरायला हवं ना हो!"

त्यांनी गुपचूप बोट पुढे केलं. मी सुई टोचली आणि रक्त थेट डब्यात पिळलं. तिघंही डब्यावर वाकून बसलो. हळूहळू कडेने निळं चढत गेलं.

रबियाचा नवरा अशरफ कंपाउंडर होता. तो संध्याकाळी गोळ्या घेऊन आला. दीड महिना घ्यायच्या, म्हणाला. ह्यांनी पहिली गोळी गिळली आणि रिकामा डबा छातीशी धरून म्हणाले, "चालत होता गं आपला रेणू. पण आता कोण विश्वास ठेवणार?"

"मी ठेवते," मी म्हटलं. "झोपा आता."