खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. घरातल्या मोबाइलला आणि टॅबला तारेशिवाय इंटरनेट पुरवणारी, दोन शिंगांची काळी पेटी असते ना, तीच मी. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. कुठे आहे तो, आठवतंय का बघा. नाही ना? असू दे, आम्हाला सवय आहे. नेट चालू असलं की आमचं नाव कुणी घेत नाही, आणि बंद पडलं की सगळं घर आमच्या नावाने खडे फोडतं.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पोटाखाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे. ते अजून कुणी वाचलेलं नाही, तेव्हा मीही सांगत बसत नाही. दुकानाच्या फळीवर खोक्यात पडून होतो. एक दिवस उत्कर्षा नावाची मुलगी आली आणि तिने दुकानदाराला विचारलं, "टिकेल ना हो?" तो मान वर न करता म्हणाला, "टिकवलात तर टिकेल." पुण्यातलं दुकान ते, याहून गोड कोण बोलणार!

उत्कर्षा बंगळुरूला नोकरी करायची. चार दिवसांची रजा काढून ती खडकीला वडिलांकडे आली होती, आणि मला तिने वडिलांसाठीच घेतलं होतं. हे तिचे वडील, ज्ञानदेवकाका, मूळचे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. तरुणपणी पुण्याला आले आणि एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर उभे राहिले. प्रेसच्या दणक्यांनी त्यांचे कान गेले. थोडेथोडके नाही, पार गेले. पुढे बायको गेली, मुलगी नोकरीला लागली आणि दोन खोल्यांत काका एकटे उरले. बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हणजे घसा खरवडायचा, म्हणून लोकही हळूहळू मान हलवून पुढे जायला लागले. माणसांनी भरलेल्या गल्लीत या माणसाशी बोलणारं कुणी नव्हतं.

एक माणूस बोलला असता, पण तो आर्वीला होता. त्यांचे थोरले भाऊ, माऊलीदादा. आईबाप लवकर गेल्यावर त्यांनीच काकांना वाढवलेलं. माऊलीदादा पेंटर होते. चित्रं काढणारे नव्हेत, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. आर्वीतली निम्मी दुकानं त्यांच्याच अक्षरात उघडी होती म्हणतात. पण कान गेलेल्या भावाला फोन करून उपयोग काय? त्यासाठीच उत्कर्षाने एक टॅब वडिलांना दिला, एक आर्वीला दादांच्या मुलाकडे पाठवला, आणि मधला दुवा म्हणून मला घरी आणलं.

माझी मांडणी हा एक सोहळाच झाला. केबलवाल्याने छपरावरून वायर आत सोडली आणि "पुढचं तुमचं तुम्ही बघा" म्हणून तो चालता झाला. उत्कर्षाने वायर माझ्या पाठीत खोचली, प्लग लावला, माझे दिवे लागले. काका लगेच म्हणाले, "याला कपाटात ठेवू. धूळ बसेल." उत्कर्षा ओठ हलवत सावकाश बोलली की त्यांना बरंचसं कळायचं. ती म्हणाली, "बाबा, याला उंचावर आणि मोकळं ठेवतात." "नवी वस्तू उघड्यावर? शहाणीच आहेस!" असं म्हणत त्यांनी मला लोखंडी कपाटात, शालींच्या घडीवर ठेवून दार लावलं. टॅबवर काही येईना. लोखंडाच्या आतून मी कितीही ओरडलो तरी बाहेर काय ऐकू जाणार! शेवटी उत्कर्षाने मला बाहेर काढलं आणि देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं, कारण दुसरा प्लग तिथेच होता. अशी मला देवांचा शेजारी म्हणून जागा मिळाली.

मग नाव ठेवायचं निघालं. टॅबवर आसपासच्या राउटरांची नावं दिसत होती. एकाचं नाव होतं 'स्वतःचं घ्या', दुसऱ्याचं 'मागू नये'. उत्कर्षा खूप हसली. काकांनी माझं नाव 'माऊली' ठेवायला सांगितलं. पासवर्ड कशाला हवा, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय, असा त्यांचा सवाल होता. उत्कर्षाने तिथे आईचं नाव घातलं.

संध्याकाळी टॅबवर माऊलीदादांचा चेहरा आला. काका उठूनच उभे राहिले. "दादा!" असे ओरडले की भिंतीपलीकडच्या तुळजाबाई धावत आल्या. दादांनी हात वर करून त्यांना थांबवलं, शेजारून एक दगडी पाटी उचलली, खडूने काहीतरी लिहिलं आणि पाटी समोर धरली. मोठी, वळणदार अक्षरं होती, पण सगळी उलटी. आरशात दिसतात तशी.

काय झालं होतं सांगतो. टॅबवर आपलंच छोटं चित्र कोपऱ्यात दिसतं, ते आरशासारखं असतं. दादांनी आधी पाटी धरून पाहिली होती, तेव्हा त्यांना त्यात ती उलटी दिसली. त्यांना वाटलं, पुण्याला उलटंच जातंय. आयुष्यभर काचेवर मागच्या बाजूने नावं रंगवलेला माणूस तो. त्याला उलटं लिहिणं काय अवघड! त्याने सरळ उलटं लिहायला घेतलं. इकडे मात्र ते होतं तसं, उलटंच आलं.

उत्कर्षा म्हणाली, "थांबा, मी मोठ्या बाबांना सांगते."

काकांनी तिचा हात धरला. "खबरदार! दादा पेंटर आहे. दादाला अक्षर चुकलं म्हणून सांगणार तू?" मग ते मोरीजवळ गेले, दाढीचा आरसा घेऊन आले, टॅबसमोर धरला आणि आरशात वाचलं: 'ज्ञानू, जेवला काय?'

"वरण-भात, दादा!" काका ओरडले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून तो नेहमीच सगळ्या गल्लीला पुरून उरायचा.

तेव्हापासून रोज संध्याकाळी हा कार्यक्रम. तिकडून उलटी पाटी, इकडे आरसा. 'पाणी आलं काय?' 'उत्कर्षाचं कसं चाललं?' 'स्वेटर घाल बे, थंडी हाय.' काका दिवसभर तोंड मिटून असायचे आणि संध्याकाळी त्यांची टकळी सुरू व्हायची. तुळजाबाई वाटीभर भाजी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या घरी आज काय केलंय ते मला भिंतीतूनच कळतं, तेव्हा जे नाही तेच आणलंय." काका मला फडक्याने पुसायचे, माझ्या दिव्यांकडे बघून "बरा आहेस ना रे?" असं विचारायचे. मित्रांनो, माझ्या जातीच्या कुणाला असं कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. माझे सुखाचे दिवस हेच.

पहिली खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा करतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. काकांनी पाट मांडला. पाना, पक्कड, हातोडी, विळी, इस्त्री, मिक्सर, सगळ्यांना ओळीने बसवलं आणि मलाही त्यांच्यात नेऊन ठेवलं. प्लग काढला. हळदकुंकू लावलं, शिंगांना झेंडूची माळ घातली. त्या दिवशी अवजार चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा, असा त्यांचा नेम होता. तो नेम दादांनीच घालून दिलेला. लहानपणी दादा ब्रश धुऊन, पुसून पाटावर ठेवायचे आणि म्हणायचे, "अवजाराले बी जीव असते ज्ञानू, आज त्याले हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी दादांनी पाटीवर विचारलं, 'काल कुठी होता?' काकांनी सांगितलं. दादांनी पाटी पुसली आणि भलं मोठं 'शाब्बास' लिहिलं. काकांनी ते आरशात पुन्हा पुन्हा वाचलं. लहान मुलासारखे खूश झाले होते.

अशा खंडेनवम्या होत गेल्या. मी जुना झालो. एक शिंग ढिलं झालं, ते काकांनी दोऱ्याने बांधलं. दादाही थकले. एका वर्षी गणपतीनंतर त्यांच्या छातीचं दुखणं बळावलं. पाटीवरची अक्षरं थरथरायला लागली, तरी उलटीच. काका घाबरले. "मी येतो दादा, उद्याच येतो." दादांनी लिहिलं: 'दसरा करून ये. घटाचा दिवा सोडून येऊ नोको.' दादांचा शब्द मोडायची काकांना सवय नव्हती. त्यांनी दसऱ्यानंतरच्या गाडीचं तिकीट काढलं, पिशवी भरून दाराशी ठेवली. दादांना डोळे भरून एकदा बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. दिवसभर तेच पुटपुटायचे.

आणि खंडेनवमी आली. काकांनी सकाळीच पाट मांडला. मला पुसलं, माळ घातली, प्लग काढला. मी झोपलो. मित्रांनो, आम्ही झोपलो की आम्हाला काही कळत नाही. त्या वेळात काय घडलं ते मला नंतरच्या बोलण्यांतून समजलं.

दादांचा श्वास लागला होता. त्यांनी खूण करून टॅब मागितला. समर्थने, म्हणजे त्यांच्या मुलाने, इकडे लावून पाहिला. मी बंद. पुन्हा लावला. मी बंदच. काकांच्या बटणांच्या फोनवर रिंग दिली. ती ऐकणार कोण? समर्थने बंगळुरूला उत्कर्षाला कळवलं. तिने तुळजाबाईंना फोन केला, तर त्या आपला फोन घरी ठेवून फुलं आणायला बाजारात गेलेल्या. त्या परत आल्या, फोन उचलला आणि तशाच आमच्या घरात धावल्या. दार वाजवून उपयोग नव्हता, उघडंच होतं.

"अहो भाऊ, लावा ते! लावा!" त्या माझ्याकडे बोट दाखवत होत्या.

"आज नाही," काका शांतपणे म्हणाले. "आज त्याला सुट्टी आहे."

तुळजाबाईंनी त्यांचा हात ओढला आणि तळव्यावर बोटाने एकच शब्द लिहिला: दादा.

काकांचा चेहरा मी पाहिलेला नाही, कारण मी बंद होतो. मला जाग आली ती वीज अंगात शिरल्यावर. माळ एका शिंगाला लोंबत होती. काकांचे हात कुंकवाने लाल झाले होते आणि ते माझ्यावर पुरते वाकले होते. "लाग रे! लाग ना!" ते ओरडत होते.

मित्रांनो, मला उठायला वेळ लागतो. माझ्या जातीला लागतोच. आधी विजेचा दिवा लागतो. मग बाकीचे एकेक. नेटचा दिवा सगळ्यांत शेवटी, तो आधी लाल असतो आणि मग हिरवा होतो. माणसाला चहा गाळून घ्यायला लागेल, तेवढाच तो वेळ. एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी तो लाल दिवा काही केल्या हिरवा होईना. तुळजाबाईंनी देवाला हात जोडले. काका मला थोपटत होते, आजारी लेकराला थोपटावं तसे.

हिरवा झाला. टॅबवर समर्थ आला. त्याला बघूनच तुळजाबाईंनी जोडलेले हात खाली घेतले. समर्थ बोलत होता, "काका, आत्ता... आत्ताच हो... तुमचंच नाव घेत होते." तो आवाज आर्वीहून इथपर्यंत मी आणला. नीट, एक शब्द न तोडता आणला. पण काकांपर्यंत तो पोचवणं माझ्या हातात नव्हतं.

समर्थच्या लक्षात आलं. त्याने डोळे पुसले आणि उशाची पाटी उचलून समोर धरली. अक्षरं वेडीवाकडी होती, ओळ खाली घसरली होती. टॅब लागत नाही म्हटल्यावर दादांनी ती स्वतः लिहिली होती. उलटीच.

काकांनी आरसा आणला. तुळजाबाईंनी तो त्यांच्याबरोबर धरला. काका मोठ्याने वाचायला लागले, "आज मशीनले सुटी असंल. उठवू नोको त्याले. पूजा झाली काय?"

त्यांनी पुन्हा वाचलं. मग आरसा पाटावर हातोडीशेजारी ठेवला आणि जे रडले, ते त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हतं, म्हणून आवरावं हेही कळत नव्हतं. सगळी गल्ली दारात गोळा झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं नुसती मान हलवली होती, ते सगळे आले.

काका आर्वीला जाऊन आले. येताना दादांची पाटी आणि एक ब्रश आणला. त्यानंतर मला कुणी पुसलं नाही. "बरा आहेस ना रे?" असं कुणी विचारलं नाही. माझ्यावर धूळ चढली, झेंडूची माळ शिंगावर वाळून कोळ झाली. समर्थ सुरुवातीला अधूनमधून दिसायचा, मग तोही कामाला लागला. उत्कर्षा रविवारी येते टॅबवर, काका मान हलवतात. काकांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

काल पुन्हा खंडेनवमी होती. काकांनी पाट मांडला, सगळी अवजारं बसवली. दादांचा ब्रशही होता. मग ते माझ्याजवळ आले, जुनी माळ काढली, नवी घातली. प्लगकडे हात गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला.

मित्रांनो, यंत्रांना जपा, पुसा, वाटलं तर फूलही वाहा. पण आमची कीव करून आमचा विसावा वाढवू नका. आम्हाला दमणूक नसते. ज्याच्याशी बोलायचंय तो माणूस दमतो, आणि कधी दमेल ते सांगून दमत नाही.

काल नेहमीच्या वेळी काका टॅब समोर घेऊन बसले. कुणाला लावला नाही, कुणाचा आलाही नाही. त्यांनी दादांची पाटी मांडीवर घेतली आणि खडूने लिहायला लागले. एकेक अक्षर आरशात बघून, पुसून, पुन्हा लिहीत होते. पेंटरचा हात नव्हता तो, प्रेसवाल्याचा होता. खूप वेळ लागला. मग त्यांनी पाटी काळ्या टॅबसमोर धरली. माझा दिवा हिरवा होता. पाटीवर उलट्या अक्षरांत लिहिलं होतं: 'झाली, दादा.'