घरचे माणूस न्यायचे राहिले

मित्रांनो, मी एक जुनी शववाहिका आहे. लगेच मागे सरकू नका. माझ्यामुळे कोणी मरत नाही. मेल्यावरच लोक माझ्याकडे येतात, आणि खरे सांगायचे तर माझ्या प्रवाशांनी आजवर एकदाही तक्रार केलेली नाही. तक्रारी करतात ते जिवंत लोक.

सध्या मी बंदरातल्या मोकळ्या पटांगणात उभी आहे. जहाज आज येईल, उद्या येईल असे सगळे म्हणतात आणि कोणालाच नक्की माहीत नाही. मला उभे राहणे जमत नाही. इंजिन थंड झाले तरी जीव थंड होत नाही. म्हणून म्हटले, जहाज येईपर्यंत तुम्हाला माझी हकिगत सांगावी. तेवढाच वेळ सरेल.

जपानमधल्या नागुरा या समुद्रकाठच्या गावात तोगाशी घराण्याचे अंत्यविधीचे दुकान आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि बाजूला माझी शेड. या घराण्याचा मूळ पुरुष क्यूझो. तो लाकडी पिंपे बनवायचा. काही खारवलेल्या माशांसाठी आणि काही माणसांसाठी, कारण त्या काळी मेलेल्या माणसाला पिंपात बसवूनच नेत असत. गावात थट्टा व्हायची की क्यूझोकडचे पिंप घेताना आधी वास घेऊन पाहावा. पुढे लांब पेट्या आल्या, आणि क्यूझोचा मुलगा योहेई पेट्या करू लागला. त्याचा हात सोन्याचा होता. स्वभाव मात्र लाकडाचा, कोरल्याशिवाय त्यातून काही निघायचे नाही.

या योहेईने एका हॉटेलची जुनी लांब मोटार विकत आणली, तिचा मागचा भाग कापला आणि त्यावर देवळासारखे छप्पर चढवले. तो माझा जन्म. खांबांवर ड्रॅगन, बाजूला कमळे, छपराच्या टोकांवर करकोचे, आणि सगळ्या अंगाला लाल लाखेचा रंग. कोरीवकाम योहेईचे, पण त्यावरचा सोन्याचा वर्ख त्याच्या बायकोने, फुसाएने चिकटवला. वर्ख इतका पातळ की श्वासानेही उडतो. म्हणून ती तोंडाला फडके बांधून काम करायची आणि नवऱ्याला शेडमध्ये बोलायची बंदी होती.

"हं," एवढेच एकदा योहेई म्हणाला.

"झालं! उडवलंत ना?" फुसाए फडके खाली ओढून म्हणाली. "एरवी महिनाभर तोंड उघडत नाही, आणि आजच बरं सुचलं. आता ऐका. एवढं डोळे फोडून सोनं लावतेय ना मी, तर माझी वेळ आली की मला यातूनच न्यायचं. काय?"

योहेईने मान हलवली. बोलायची बंदी होती ना!

मग माझे सुखाचे दिवस आले. मित्रांनो, मला मिरवायला फार आवडायचे. घरातून निघताना मी लांबलचक हॉर्न द्यायचे, आणि त्या हॉर्नबरोबर रडे फुटायचे. रस्त्यावरचे पुरुष टोप्या काढायचे. शाळेची मुले मला पाहिले की अंगठे मुठीत लपवायची; अंगठा म्हणजे आईबापाचे बोट, ते उघडे राहिले तर त्यांच्यावर संकट येते म्हणे. एक आगाऊ मुलगा अंगठे तोंडात घालायचा. दहनगृहातून परतताना आल्या वाटेने यायचे नाही, नाहीतर मेलेला मागोमाग घरी येतो. म्हणून जाताना टेकडीचा रस्ता आणि येताना समुद्राचा. येताना मी रिकामी असायची, वाऱ्याने छपराचे करकोचे थरथरायचे आणि मला वाटायचे, हा रस्ता संपूच नये.

फुसाए गेली तेव्हा तिचा मुलगा मासातो शाळेत शिकत होता. थंडीच्या दिवसांत तिला ताप आला आणि तो छातीत उतरला. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दहनगृह बंद होते. पंचांगात असा एक दिवस असतो की त्या दिवशी मेलेल्याला निरोप दिला तर तो जाताना सोबत्यांनाही ओढून नेतो असे मानतात. त्यामुळे त्याच्या पुढच्या दिवशी नेहमी गर्दी होते. तशी ती झालीच. गावातले जहाजमालक हामादे यांचाही अंत्यविधी त्याच सकाळी आला. माझ्यासाठी त्यांच्या घरच्यांना योहेईने आधीच शब्द दिला होता.

खरे तर हात जोडून एक वाक्य बोलला असता तर हामादेंच्या घरच्यांनी समजून घेतले असते. पण योहेईला ते वाक्य बोलता आले नाही. गिऱ्हाईक आधी, घरचे मागून, हे त्याच्या हाडीमांसी भिनले होते. त्याने फुसाएची पेटी सामानाच्या राखाडी गाडीत ठेवली. फुले, तंबू आणि खुर्च्या नेणारी ती गाडी.

छोट्या मासातोला हे कोणी सांगितले नव्हते. आईची तसबीर छातीशी धरून तो धावत आला आणि माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसला. तसबीर धरणाऱ्याची जागा तीच असते, हे त्या घरच्या मुलाला ठाऊक होते. त्याने तसबिरीचे तोंड बाहेर केले, म्हणजे आईला रस्ता दिसेल. मला वाटले, आता निघू या, लवकर निघू या. तेवढ्यात योहेईने दार उघडले.

"उतर," तो म्हणाला. "आज ही गाडी आपली नाही."

मासातो उतरला. त्या दिवसापासून तो माझ्यात कधी बसला नाही. धुवायला सांगितले तर चाकेच धुवायचा, दाराला हात लावायचा नाही.

फुसाएच्या अस्थी घरी आल्या. इतरांच्या अस्थी रीतीप्रमाणे मठामागच्या समाधीत जातात. फुसाएचा कलश मात्र देव्हाऱ्याच्या खोलीतच राहिला. वर्षे गेली तरी तिथेच. मासातो मोठा झाला. दुसऱ्या कामासाठी त्याने खटपट केली, पण अंत्यविधीवाल्याच्या मुलाकडून भाजी घ्यायलाही लोक बिचकतात, तिथे नोकरी कोण देणार? शेवटी तो दुकानातच आला. एकदा मात्र माझ्या शेडसमोर उभा राहून तो बायकोला म्हणाला, "गावातला कोणी राहिला नाही बाबांनी समाधीपर्यंत पोचवायचा. आईसाठी यांना अजून वेळ सापडलेला नाही."

मित्रांनो, त्याला माहीत नव्हते ते मला माहीत होते. दर हिवाळ्यात, फुसाएच्या स्मृतिदिनाच्या सकाळी, योहेई मला आरशासारखी लख्ख पुसायचा. मग पुढचे दार उघडे ठेवून तिथेच स्टुलावर बसायचा. मासातो समोरून जायचा, यायचा, पुन्हा जायचा. योहेई म्हणायचा काहीच नाही. दुपार टळली की दार लावून टाकायचा. मी आतल्या आत नुसती धुमसत असे. अरे बोल की बाबा, एक शब्द बोल! माणसांना तोंड दिले आहे ते काय फक्त मुळ्याचे लोणचे खायला?

पुढे टेकडीच्या रस्त्यावर नवी घरे झाली. तिथल्या रहिवाशांनी अट घातली की सोनेरी छपराची गाडी आमच्या दारावरून नको. मरणाची आठवण होते, घरांना गिऱ्हाईक मिळत नाही. दुकानाचा कारभार तेव्हा मासातोकडे होता. त्याने त्या अटीवर शिक्का मारला, आणि तोही हसत. दुसऱ्या आठवड्यात साधी काळी गाडी आली. ना छप्पर, ना करकोचे. माझ्यावर ताडपत्री पडली. उंदरांनी माझ्या गादीत संसार मांडला. बाहेरून काळी गाडी निघाल्याचा आवाज आला की माझी चाके शिवशिवायची.

मला त्यातून बाहेर काढले ते मासातोच्या मुलीने, कानाएने. शहरात चार ठिकाणी नोकरी करून ती परत आली आणि घराण्याची चौथी पिढी म्हणून गाडी चालवू लागली. अधूनमधून ती माझे इंजिन सुरू करायची. तिनेच माझ्यासाठी परदेशातले गिऱ्हाईक शोधले. मंगोलियात म्हणे माझ्यासारख्यांना अजून मान आहे.

"आजोबा, विकू ना?" तिने विचारले. योहेई तेव्हा फार थकला होता, पण काठी टेकत शेडपर्यंत यायचा. "की तुम्हाला हिच्यातून जायचंय? तसं असेल तर टेकडीवाल्यांच्या पाया पडते मी. एक दिवस सोडतील."

"मला?" योहेई म्हणाला. "मला त्या काळ्या डब्यात घाल. तुझ्या आजीला मी खुर्च्यांच्या गाडीतून नेलं. मी कोण मोठा लागून गेलो?"

"मग हिला इतकी वर्षं ठेवलीत कशाला?"

बराच वेळ तो माझ्या दारावरचा वर्ख बोटाने चाचपत राहिला. "ती जायची राहिलीय. मठापर्यंत तरी न्यायची होती. तिकडच्या रस्त्यावर कोणाची अट नाही."

"मग न्यायचं होतं की! अडलं कुठे?"

"तसबीर धरणारा उतरून गेला ना," योहेई म्हणाला. "तो बसल्याशिवाय कसा निघू?"

"तुम्ही बाबांना कधी म्हणालात का हे?"

योहेईने नकारार्थी मान हलवली. कानाएने कपाळावर हात मारला. मला हात असते तर मीही मारला असता.

त्या हिवाळ्यात योहेई गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे काळ्या गाडीतून गेला आणि मी शेडमधून ऐकत राहिले. इकडे जहाजाची तारीख ठरली. मला एकच धास्ती होती, की फुसाएला न नेताच मला समुद्रापार जावे लागणार. रीतीप्रमाणे योहेईच्या मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी त्याचा आणि फुसाएचा असे दोन्ही कलश समाधीत ठेवायला मठात न्यायचे होते. मासातो काळ्या गाडीची किल्ली घेऊन निघाला, तेव्हा कानाए त्याच्या आडवी आली.

"बाबा, आजोबा तुमच्यासाठी थांबले होते."

"थांबले होते? कसले थांबले होते! हामादेसाठी वेळ होता, आईसाठी नव्हता."

"दरवर्षी दार उघडं ठेवून बसायचे, ते काय वारा खायला?"

मासातोने माझ्या पुढच्या दाराकडे पाहिले. त्याला ते उघडे दार आठवत होते, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. "मला वाटायचं, गाडी वाळवतायत," तो हळूच म्हणाला. मग पुन्हा चिडला. "एकदा तोंडाने सांगायचं ना!"

"आणि तुम्ही? तुम्ही विचारलंत कधी? बापलेक दोघेही मेले ओंडके. आजी कशी नांदली तुमच्यात, देव जाणे."

मासातोने काळ्या गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि माझे पुढचे दार उघडले. केस पांढरे झालेला तो माणूस क्षणभर कुठल्या बाजूला बसावे या विचारात उभा राहिला. मग स्टिअरिंगसमोर बसला. शेजारी कानाए, तिच्या मांडीवर फुसाएचा कलश. योहेईचा कलश मागे, जिथे पेटी ठेवतात तिथे. मासातोने मला सुरू केले, मी खोकले, बंद पडले, त्याने शिवी दिली, मी पुन्हा सुरू झाले. शेडबाहेर येताच त्याने हॉर्न दिला. इतका लांब की शेजारची तांदूळवाली म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "अरे, आज कोण गेलं?"

"आई," मासातो खिडकीतून म्हणाला. "आज निघाली."

मठाच्या वळणावर कानाएचा फोन वाजला. पलीकडे रडणारा आवाज होता. कोणाच्या तरी घरी माणूस गेले होते आणि त्यांना तोगाशीच हवे होते. तिने वडिलांकडे पाहिले. त्या घराण्यात अशा फोनला नाही म्हणण्याची रीतच नव्हती.

"नोमुरांचा नंबर दे त्यांना," मासातो म्हणाला. नोमुरा म्हणजे पलीकडच्या गावातले अंत्यविधीवाले, ज्यांचे नाव घरात घेतले की योहेई तोंड धुवायचा. "नीट बोल. म्हणावं, माफ करा. आज आमच्या घरचं कार्य आहे."

एवढेच ते वाक्य, मित्रांनो. ते बोलायला या घराण्याला दोन पिढ्या लागल्या.

मठाच्या दारात गुरुजी वाट पाहत उभे होते. मासातोने गाडी थांबवली नाही. "बाबा, गुरुजी!" कानाए म्हणाली.

"राहू देत जरा उभे. आधी आईला एक चक्कर मारून आणू," तो म्हणाला, आणि त्याने मला समुद्राच्या रस्त्याला लावले. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते आणि तो ते पुसत नव्हता. मग त्याने एक हात स्टिअरिंगवरून काढून कलशावर ठेवला. "आई, थंडी वाजतेय का? खिडकी लावू?"

मित्रांनो, माझी काळजी करू नका. माझे सोने थोडे उडाले आहे, पण चाके धड आहेत. काळजी घ्यायची ती तुमच्या घरच्यांची. दुसऱ्यांच्या कामाला धावताना आपण म्हणतो की घरचे समजून घेतात. ते समजून घेत नाहीत, ते फक्त गप्प बसतात. मी इतकी माणसे नेली आहेत, माझे ऐका. आपल्या माणसाला माझ्या मागच्या बाजूला झोपवायची वेळ येण्याआधी कोणाच्याही गाडीत पुढे, आपल्या शेजारी बसवा, आणि थंडी वाजते का ते तेव्हाच विचारा.