कपाटाची काच

गाडीच्या डिक्कीत, स्टेपनीच्या खळग्यात एक लिटर तीनशे मिलिलिटर पाणी साचलं होतं. श्रियाने ते स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्याने उपसून मोजलं. तळाशी तीन गंजके नट, जॅकचा दांडा, पेनाचं एक निळं टोपण आणि चौदा मेलेले मुंगळे निघाले. पाण्याच्या रेघेच्या जरा वर पत्र्याला चार भोकं पडली होती. सगळ्यांत मोठ्या भोकात तिची करंगळी सहज गेली. खाली अंगणातला चिखल होता.

"बाबा, ही गाडी अजून दोन पावसाळे काढेल. तिसऱ्यात स्टेपनी रस्त्यावर पडेल."

"पडली की कळेलच," गोपाळकृष्ण ओट्यावरून म्हणाले आणि चहाचा कप घेऊन आत गेले.

गाडी सत्त्याऐंशी सालची, लाल मारुती. गोपाळकृष्ण पाटबंधारे खात्यात बैहरला होते तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी, सालाच्या झाडाची फांदी पडून तिची मागची काच फुटली. दुसऱ्याच दिवशी लग्नाला जायचं होतं, नागपूरहून काच यायला आठवडा लागणार होता. मग त्यांनी कपाटांच्या काचा कापून देणाऱ्याकडून एक सपाट काच कापून आणली आणि बसवली. गाडीच्या काचेला बाक असतो, कपाटाच्या काचेला नसतो. कोपऱ्यांत उरलेल्या फटी त्यांनी डांबराने बुजवल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात डांबराचा एक नवा थर चढे आणि दर पावसाळ्यात पाणी नवी वाट शोधे. यंदा डाव्या कोपऱ्यातून वीतभर तडाही गेला होता.

भरवेलीच्या रस्त्यावर काचकाम करणाऱ्या महेंद्रने गोंदियाच्या भंगारातून याच गाडीची अस्सल, बाकदार काच शोधून ठेवली होती. त्याचे तीन फोन आले. तिन्ही वेळा गोपाळकृष्ण म्हणाले, "बघू सावकाश."

श्रिया जबलपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. नऊ दिवसांच्या सुट्टीत आली होती. आई, सुनीती, गेल्याला दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून बाबा सगळंच पुढे ढकलत होते; हेही त्यातलंच, असं तिला वाटलं. एक गोष्ट मात्र तिला उलगडत नव्हती. घराला शेड होती. शेडमध्ये जुनी सायकल उभी होती आणि गाडी बाहेर, पावसात.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला तिला जाग आली. अंगणाचं दार उघडं होतं. गाडीच्या साऱ्या काचा आतून धुरकटल्या होत्या. सहासष्ट वर्षांचे बाबा मागच्या सीटवर गुडघे टेकून, उलटे वळून, मागच्या काचेकडे बघत बसले होते.

तिने दार उघडलं. "बाबा?"

"दार लाव आधी. वाफ जाते."

ती आत शिरली, दार ओढून घेतलं, आणि तिलाही दिसलं. धुरकट काचेवर चार रेघांची चौकट होती. चौकटीत तीन फुल्या आणि तीन गोळे.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. बैहरहून परतताना घाटात चाक पंक्चर झालं, बाबा पावसात चाक बदलत होते, आणि मागे आई नि ती अशाच उलट्या बसून वाफाळलेल्या काचेवर फुली-गोळा खेळत होत्या. आईने चष्मा काढून ठेवला होता म्हणून चौकट भलीमोठी झाली. "एमेस्सी झालीस तरी हरतेसच," आई म्हणाली होती. तिसरा डाव अर्धाच राहिला. बाबा भिजून आत आले, आईने त्यांना टॉवेल दिला, गाडी निघाली. खेळी आईची होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या पावसाळ्यात दिसलं. एकदम." त्यांनी दार नीट लागलंय का बघितलं. "आत ओल असली की उमटतं. दिवाळीनंतर काही नाही. म्हणून पाणी राहू देतो थोडं."

श्रियाला शेड आठवली, डिक्कीतलं पाणी आठवलं. बाबा गाडी भिजवत होते. पत्रा सडतोय हे त्यांना तिच्याआधी ठाऊक होतं.

"बाबा, बोटाचं तेल काचेवर राहतं. तिथे वाफ वेगळी बसते, म्हणून दिसतं. त्याला पाणी साचवायला नको. नुसता श्वास सोडला तरी दिसेल. मे महिन्यातसुद्धा."

ते काचेकडून वळून सरळ बसले. "हे गेल्या पावसाळ्यात सांगायचंस."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"काच अख्खी निघाली पाहिजे," ते म्हणाले. "मग गाडीचं काय करायचं ते करा."

दुसऱ्या दिवशी महेंद्र नवी काच चादरीत गुंडाळून घेऊन आला. डांबराचे थर बघून त्याने कपाळाला हात लावला.

"साहेब, हे काच बसवली हाये का पाटबंधाऱ्याचा नहर बांधला? ताई, रॉकेल टाकलं का पाच मिनिटांत सुटते."

"रॉकेल नाही."

"मंग साबणाचं पाणी?"

"तेही नाही. आणि आतून हात लावायचा नाही."

"हौ. हात नाही लावत, मंतर मारतो." तो हसला. "लोक नवी काच जपतेत. तुमाले हे कपाटाची काच काहून जपाची हाये?"

श्रिया काही बोलायच्या आत गोपाळकृष्ण म्हणाले, "सुनीतीचं त्याच्यावर थोडं काम राहिलंय."

महेंद्रचं हसू मावळलं. सुनीतीकाकूंनी त्याला चौथीत गणित शिकवलं होतं. त्याने पिशवीतून बारीक पोलादी तार काढली, एक टोक फटीतून आत बसलेल्या श्रियाच्या हातात दिलं, आणि दोघे आतबाहेरून ती करवतीसारखी डांबरातून ओढू लागले. पावणेदोन तास गेले. वरची बाजू सुटली, उजवी सुटली. श्रियाने तार सोडून तडा बघायला मान काचेजवळ नेली, आणि तेवढ्यात कडकन आवाज झाला. तडा चार बोटं पुढे पळाला, खालची कड निसटली आणि काच आत झुकली.

तिने मागचापुढचा विचार न करता उजवा हात पसरून काच आतून तोलून धरली.

"धरा, धरा ताई! सोडू नका!" महेंद्रने दोन्ही कडा पकडल्या आणि काच हळूच बाहेर उचलली. "वाचली! तुमच्यानं वाचली."

गोपाळकृष्णांनी सुटकेचा श्वास सोडला. श्रियाने तळहाताकडे बघितलं. तो घामाने ओला होता. तिने तो ओढणीला पुसला.

नवी काच बसवायला मात्र साबण लागलाच. महेंद्रने काचेभोवती रबराची पट्टी चढवून तिच्या खाचेत सगळीकडून सुतळी घातली, काच बाहेरून टेकवली, साबणाचं पाणी सोडलं. तो बाहेरून थापट्या मारत होता, श्रिया आतून सुतळी ओढत होती, आणि रबराचा ओठ पत्र्यावर टपटप चढत गेला. वीस मिनिटं नळीने पाणी मारलं. तरी उजवीकडे थोडं आलंच. श्रियाने आत टाल्कम पावडर भुरभुरवली. पावडरीतली ओली रेघ मागच्या लाल दिव्याच्या मुळाशी जाऊन थांबली. महेंद्रने सायकलच्या ट्यूबमधून नवं वायसर कापून तिथे बसवलं. पुन्हा वीस मिनिटं. खळगा कोरडा.

"आता शेडमध्ये नाही ठेवली तरी चालते," महेंद्र म्हणाला.

"ठेवतो," गोपाळकृष्ण म्हणाले, आणि सायकल बाहेर काढून गाडी आत लावली.

महेंद्र गेल्यावर त्यांनी जुनी काच पुढच्या खोलीत पलंगावर, गोधडीवर ठेवली. कोरड्या काचेत काहीच दिसत नव्हतं.

"तुम्ही करा," श्रिया म्हणाली. "तोंड उघडून, हळू. फुंकायचं नाही."

"तू का नाही?"

"बाबा, पडताना मी आतून हात लावला."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग पलंगाशी गुडघे टेकले, चष्मा पुसून पुन्हा लावला, काचेवर वाकले आणि श्वास सोडला. थोडं सरकून पुन्हा. असं सहा वेळा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

वाफ प्रत्येक वेळी साधारण नऊ सेकंद टिकली. रेघा चार. गोळे तीन. फुल्या दोन. तिसऱ्या फुलीच्या जागी एक उजवा पंजा, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर.