कोकरांच्या पेटीचं गणित

मी एक सॉफ्टवेअर आहे. विजेचं सर्किट माझ्यात आखा. प्रत्यक्ष जोडण्याआधी ते कसं चालेल ते मी सांगतो. एकही भाग जळत नाही.

मला एकट्या माणसानं घडवलं नाही. कुणी गाभा लिहिला, कुणी वरचा पडदा, कुणी नुसत्या चुका काढल्या. त्यातले बरेच एकमेकांना कधी भेटलेही नाहीत. माझ्या पोटातली ओळन्‌ओळ कुणालाही वाचता येते. माझं मोल कुणी घेत नाही, म्हणून मला हलकं समजू नका.

नारिन नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात बुरुलचा नावाची सून राहते. फोन दुरुस्त करते. तिनं मला आपल्या लॅपटॉपवर घेतलं आणि चुलीशेजारी बसून कोकरांसाठी उबेची पेटी आखायला लागली. आत गारठा वाढला की दिवे आपोआप लागावेत, एवढंच तिला हवं होतं.

तिचा सासरा ताश्तानबेक. जन्म मेंढ्यांमागे गेलेला.

"पुन्हा त्या काचेत डोकं घातलंस? तिकडे चहा आटला."

"कोकरांसाठीच करतेय, बाबा."

"कोकरांना आई असते."

"आणि आईनं झिडकारलं तर?"

"माझा कोट आहे."

"कोटात मावतील किती?"

म्हातारा कोट चढवून मेंढ्यांकडे गेला. मी सर्किट तपासलं, ठीक म्हणालो. तिनं ते जोडलं, स्वयंपाकघरात त्याच्या थंडी ओळखणाऱ्या टोकाला बर्फ लावून चालवून पाहिलं. दिवे लागले.

मेंढ्या विऊ लागल्या आणि कडाका पडला. आईनं नाकारलेलं पहिलं कोकरू म्हाताऱ्यानं सुनेच्या शब्दावर गोठ्यातल्या पेटीत ठेवलं. दिवे लागले नाहीत. कोकरू गेलं.

"कोटात असतं तर जगलं असतं," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "आता पेटी गोठ्यात दिसायला नको."

बुरुलचानं सर्किट घरात आणलं. चुलीपाशी टोकाला बर्फ लावताच ते मुकाट चालू झालं. बाहेर नेलं, बंद. मला विचारलं. मी पुन्हा ठीकच म्हणालो.

"खोटारडा," ती मला म्हणाली.

मी खोटं बोललो नव्हतो. मग तिनं माझ्या मांडणीतली एक ओळ वाचली. हवेचं तापमान सत्तावीस अंश. कुणी वेगळं सांगितलं नाही तर मी तेवढंच धरतो. तिनं ते कधी बदललंच नव्हतं. चुलीशेजारी बसून काम करणाऱ्याला थंडी आठवत नाही.

"बाबा, त्या दिवशी गोठ्यात किती थंडी होती?"

"मिशी गोठण्याइतकी."

"अंशांत सांगा."

"अंश रेडिओवाल्याला विचार." मग मिशी चोळत, "गोठ्यातल्या बाटलीतली वोडका खिमटासारखी झाली होती."

"गोठ्यात वोडका?"

"घोड्याच्या पायाला चोळायला."

"घोड्याचे पाय फार दुखतात हो या घरात."

म्हाताऱ्यानं कुशीवर वळून पाठ केली. पण तिला हवं ते मिळालं होतं. वोडका उणे सत्तावीसच्या आसपास गोठू लागते. तिनं मला उणे तीस सांगितलं. मी लगेच दाखवलं: एवढ्या थंडीत ट्रान्झिस्टर मंदावतो, दिव्यांची कळ ओढायला पुरेसा प्रवाह पोचत नाही. तिनं प्रवाह अडवणारा एक रोधक बदलला. मी पुन्हा तपासलं. या वेळचं ठीक खरं होतं.

पुढच्या कडाक्यात एका मेंढीनं जुळ्यांतलं एक लाथाडलं. पेटी परत आणून, लॅपटॉप बगलेत धरून बुरुलचा गोठ्यात उभी होती, म्हणून हे मी ऐकलं. म्हाताऱ्याच्या कोटात आधीच दोन कोकरं होती. तिसरं हातात थरथरत होतं.

"ठेवू?" तिनं विचारलं.

त्यानं आधी आपला हात पेटीत घातला. बराच वेळ काढला नाही. मग कोकरू ठेवलं आणि बादली उपडी करून तिथंच बसला.

"चहा इकडेच आण," तो म्हणाला.

दुपारी कोकरू पायांवर उभं राहिलं. शाबासकी कुणी दिली नाही. मला ती लागतही नाही.

आता हा लॅपटॉप जुना झाला आहे. नवा येईल, त्यावर मी पुन्हा येईन. माझं मागणं एकच आहे. माझ्या शब्दावर जीव ठेवण्याआधी तुमची हवा, तुमचा गोठा मला खरा सांगा. मी गणित चुकत नाही. पण मला अंग नाही, थंडी वाजत नाही.