दाराची रुंदी

एम्लिनने बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन थंडगार होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे त्याचं पहिलं सूत्र. मग तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला, गंजासाठी सांगाडा ठोकून पाहिला, आणि कपडे झटकून आत शिरला. तिथे खिडक्यांचे कोपरे, छताची झडप, पलंगामागची फळी असं सगळं तो अंगठ्याने दाबू लागला. फळी दबली म्हणजे ओल मुरलेली, आणि ओल मुरली म्हणजे घर संपलं.

"अहो, भिंत आहे ती, कणीक नव्हे," ह्यू म्हणाला. हा मेंढपाळ गाडीचा मालक. एम्लिनचे हात चालूच राहिले.

वेल्सच्या त्या किनाऱ्यावर जुनं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, विकायला निघालं आणि एम्लिन बघून गेला नाही, असं सहसा होत नसे. शनिवारी पेपरातली जाहिरात बघायची, रविवारी चर्च सुटलं की बायकोला, ग्लेनिसला, घेऊन निघायचं. ती थर्मासातला चहा पीत गाडीत थांबायची आणि हा मान हलवत परत यायचा. पहिलं हिरवं होतं त्यात ओल, एकाची जमीन पोकळ, एकाच्या कपाटांना कुबट वास. एम्लिनला वाळवंटातही ओल सापडेल, असं गावात म्हणत. ग्लेनिसही हसायची. तिला एवढंच हवं होतं, की एकदा सकाळी डोळे उघडावेत आणि अंथरुणातूनच समुद्र दिसावा. घाई काय आहे, असं तो म्हणायचा. अशी वीस-बावीस वर्षं गेली, आणि मागच्या हिवाळ्यात ग्लेनिसचे पाय गेले. नंतर हातही जड झाले. हा उन्हाळा फिरून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या उन्हाळ्याचं त्यांनी नावच काढलं नाही.

आज मात्र अंगठा कुठेच रुतला नाही. शेगडी पेटली, पाणी आलं, इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. एम्लिनने पुन्हा सगळं तपासलं. खोट नव्हती. तो जवळजवळ पळतच खाली आला.

"ग्लेनिस, मिळालं गं!"

चाकांच्या खुर्चीतून त्याने तिला गवतावरून ओढत आणलं. दाराशी आल्यावर खुर्ची अडली. दार तिच्या खुर्चीपेक्षा वीतभर अरुंद, आत शिरताच डावीकडे कपाट, आणि खालच्या दोन पायऱ्या उभ्या. एम्लिन दाराकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने एकाही गाडीचं दार मोजलं नव्हतं.

ह्यू न सांगताच पुढे आला. त्याने पाय धरले, एम्लिनने काखेत हात घातले. पण तिची पाठ आता वळत नव्हती, आणि वळवल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. दुसऱ्या खेपेला ती कळवळली. त्यांनी तिला परत खुर्चीत ठेवलं. कपाट कापून काढू, असं ह्यू म्हणाला. पुढच्या महिन्यापर्यंत होईल, असंही म्हणाला. तोवर उन्हाळा सरलेला असणार होता. थोड्या वेळाने कोंबड्यांना दाणे टाकायचं निमित्त करून तो निघून गेला.

"माझंच चुकलं," एम्लिन म्हणाला. "ते पहिलं हिरवं होतं ना, तेच घ्यायला हवं होतं. थोडी ओल होती, एवढंच."

"हो, घ्यायला हवं होतं," ग्लेनिस म्हणाली. तिने त्याला खोटा धीर दिला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसता येत नव्हतं. त्याने पुसलं.

"तू आत जा," ती म्हणाली. "पलंगावर आडवा हो. काय दिसतं ते मला सांग."

तो गेला. बूट काढून आडवा झाला. खिडकी उघडीच होती. बाहेर ह्यूचं खुराडं होतं, वाळत घातलेल्या चादरी होत्या, आणि खाली तिचा वर वळलेला चेहरा होता.

"काय दिसतंय?"

एम्लिन आयुष्यभर जे आहे तेच सांगत आला होता.

"समुद्र," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. "भरती आहे का ओहोटी?"

"भरती. पाणी अगदी जवळ आलंय."

"मग उठू नकोस एवढ्यात," ती म्हणाली.