दोन आज्यांचा उंदीर

"आजही झोपवलं नाहीत ना तिला?" दारात चपला काढता काढता मशीनआजीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खोलीभर अशी काही नजर फिरवली, की फोनआजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खोलीत झोपेचं नावनिशाण नव्हतं हे खरं. उशा जमिनीवर, चमचे पलंगाखाली, आणि मधोमध चार वर्षांची व्हायला आलेली नात एका पायावर गोल गोल फिरत होती. अशी फिरते म्हणूनच तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. पोरगी म्हणजे काही दिव्याचं बटण नाही, दाबलं की विझायला, असं फोनआजीने सुनावलं. त्यावर आपल्यापाशी मात्र ती रोज पडल्या पडल्या झोपते, असं मशीनआजीने समोरच्या भिंतीला सांगितलं. माणसाशी बोलायचं नसलं की ती भिंतीशी बोले.

ही नावंही भिंगरीनेच ठेवलेली. फोनआजी म्हणजे बाबांची आई. तिची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डवर गेली. मशीनआजी म्हणजे आईची आई. ती अजून घरी शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवायची. पोरीचे आईबाप सकाळीच कामावर जात. मग दुपारपर्यंत एक आजी आणि दुपारपासून दुसरी, अशी वाटणी होती. दोघींची गाठ पडायची ती दारात, पाळी बदलताना, आणि तेवढी पुरायची. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ते या दोघी विहिणींकडे बघूनच म्हणत असावेत. एकीने पोरीचे केस डावीकडे विंचरले, तर दुसरी ते सोडून उजवीकडे विंचरणार. एकीने खिडकी उघडली, तर दुसरीला लगेच थंडी वाजणार.

तरी या सगळ्याला काही एक मर्यादा होती. ती सुटली फोनआजीच्या मुलाची बदली झाली तेव्हा. नवं गाव लांब, नवं घर लहान, आणि जास्तीची खोली एकच. एका आजीला बरोबर न्यायचं, कोणाला ते महिनाअखेर ठरवू, असं मुलाने जेवताना ताटात बघत सांगितलं. दोघीही म्हणाल्या, आमचं काय, तुम्ही ठरवाल ते. आणि दुसऱ्या दिवसापासून दोघींनी कंबर कसली.

फोनआजीला ती पोर हवी होती. सरळ सांगायचं तर नवरा गेल्यापासून तिला दुसरं काही हवंसं वाटलंच नव्हतं. तिच्या दोन खोल्यांत तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं, आणि बोलणं हेच तर तिने जन्मभर केलेलं. कोणाचं बाळंतपण असो की कोणाचं मरण, सगळ्यांना त्याच एका गुळगुळीत आवाजात "जोडून देते" म्हणायचं, हसायचं नाही, रडायचं नाही. आता म्हातारपणी तिच्या गळ्याला पहिल्यांदा मोकळं रान मिळालं होतं. ती मांजर व्हायची, कुत्रा व्हायची, आणि उंदीर तर असा व्हायची की खरा उंदीर बिळातून बाहेर येऊन बघेल.

कारण भिंगरीचं एक लाडकं पुस्तक होतं. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, कोपरे चावून चावून मऊ झालेलं. एक उंदीर टेबलावरच्या कापडाचा लोंबता दोरा ओढतो. म्हणून कापड सरकतं. म्हणून सुरई कलंडते. म्हणून मांजर भिजतं आणि फळीवर उडी मारतं. म्हणून पिठाची पिशवी फुटते, काळा कुत्रा पांढरा होतो, आणि घरधनी त्याला भूत समजून माळ्यावर जाऊन बसतो. बस, एवढंच. पण हे एवढंच भिंगरीला रोज हवं असे, परत परत हवं असे, आणि वाचणाऱ्याने कंटाळून एक पान जरी गाळलं तरी ती पुस्तकावर हात ठेवून म्हणायची, "आधीचं पान राहिलं."

फोनआजी पान उलटायच्या आधी थांबायची. भुवया वर करायची. हळूच विचारायची, "आता काय होणार?" पोरीचा श्वास अडकायचा. मग पान उलटलं की दोघी मिळून ओरडायच्या, धडाम.

मशीनआजीची तऱ्हा वेगळी. ती वाचायची ती टेप लावून माप घेतल्यासारखी, आणि प्रत्येक पानाला एक उपदेशाचा टाका घालायची. बघ, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला म्हणून असं झालं. फोनआजी याला मनातल्या मनात शाळामास्तरी म्हणून नाक मुरडायची. पण एक दिवस भिंगरी म्हणाली, "मशीनआजीचा उंदीर शेवटी सॉरी म्हणतो. तुझा का नाही म्हणत?" आणि फोनआजीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पोरीला तो दीडशहाणा उंदीर आवडायला लागला तर संपलंच.

म्हणून तिने डाव वाढवला. स्टुलावर एक जुना पंचा पसरला, त्यावर प्लॅस्टिकचे पेले, पेल्यांवर चमचे, चमच्यांवर रिकामा डबा. पंच्याचं टोक पोरीच्या हातात दिलं आणि विचारलं, आता काय होणार? भिंगरीने ओढलं. सगळं खाली आलं, आणि पोरगी उचकी लागेपर्यंत हसली. मग हे रोजचं झालं. मशीनआजी यायच्या वेळेला सगळं आवरायचं, आणि ही आपली दोघींची गंमत, कोणाला सांगायची नाही, हे पोरीकडून रोज वदवून घ्यायचं. वयाने एवढी वाढलेली बाई, पण अक्कल म्हणून त्या दिवसांत तिच्या आसपास फिरकली नाही. जिंकायचं खूळ डोक्यात शिरलं की असंच होतं.

तर त्या दुपारी दारातलं भांडण नेहमीसारखंच झालं. मशीनआजी आत गेली, पोरीसाठी दूध उकळलं आणि पातेलं टेबलाच्या मधोमध, जाळीवर ठेवलं. बाई भांडखोर असेल, निष्काळजी नव्हती. फोनआजी उंबऱ्यापाशी वाकून चपलेचा पट्टा लावत होती. वर बघितलं तर भिंगरी टेबलापाशी उभी. हातात टेबलक्लॉथचं टोक. भुवया वर. डोळे थेट फोनआजीकडे.

"आता काय होणार?" ती म्हणाली. शब्द न् शब्द, सूर न् सूर फोनआजीचा.

ओरडायला हवं होतं. ज्या आवाजाच्या जोरावर जन्म काढला, तो त्या क्षणी निघालाच नाही. ओरडली ती मशीनआजीही नाही. पोरीने टोक ओढलं तशी तिने नुसता हात मध्ये घातला. पोरीला डाव्या हाताने मागे ढकललं आणि पातेलं उजव्या हातावर घेतलं. कोपरापासून बोटांपर्यंत.

"धडाम," म्हणत भिंगरीने टाळ्या वाजवल्या. मग कोणीच हसत नाही हे बघून हळूहळू थांबली.

डॉक्टरकडे तिघी गेल्या. हात बरा होईल, पण कातडी ओढलेली राहील, बोटं वळायला वेळ लागेल, सुई-कात्रीचं नाव इतक्यात काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीनआजीने मान हलवली. येताना गाडीत तिने खिडकीबाहेर बघत एकच वाक्य उच्चारलं.

"ती तुमच्या आवाजात बोलली."

संध्याकाळी मुलगा-सून आले, सूनबाई आईचा बांधलेला हात बघून रडली, आणि रडून झाल्यावर माणसं चिडतात तशी चिडली. झालं कसं? फोनआजीने जमिनीकडे बघितलं. आता ही सांगणार. बाईला आयती संधी आली होती, आणि तिच्या जागी आपण असतो तर सोडली नसती, हेही फोनआजीला ठाऊक होतं.

"पातेलं मीच काठाला ठेवलं होतं," मशीनआजी म्हणाली.

सूनबाईने डोक्याला हात लावला. एरवी शब्द खाली पडू न देणारी ही आई, आणि तिला लेक सगळ्यांदेखत म्हणाली की तुला आता झेपत नाही गं, पोरीच्या अंगावर गेलं असतं तर काय करायचं होतं. मशीनआजी स्वयंपाकघराकडे वळली. मग मुलाने घसा साफ केला आणि म्हणाला की आता वेगळं ठरवायला नकोच, नव्या गावी आपली आई येईल.

फोनआजीला हवं ते मिळालं होतं. महिनाभर ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा केला, ते कोणी तिच्याकडे साधं बघितल्याशिवाय तिच्या पदरात पडलं.

मशीनआजी स्वयंपाकघरात डाव्या हाताने माठातून पाणी घ्यायची खटपट करत होती. फोनआजीने पेला भरून पुढे केला. तो तिने घेतला नाही. खोटं का बोललात, असं फोनआजीने दबक्या आवाजात विचारलं.

"तुमच्यासाठी नाही बोलले. खरं सांगितलं असतं तर तो आईची बाजू घेणार, ती माझी. माझ्या लेकीच्या घरात तुमच्यावरून भांडण व्हावं एवढ्या तुम्ही मोठ्या नाही."

हे ऐकून फोनआजीला वाटलं, बरं झालं. निदान उपकार तरी डोक्यावर नाही. ती तशीच बाहेर आली. बाहेर मुलगा भिंगरीला मांडीवर घेऊन समजावत होता. पोरीला कळावं म्हणून त्याने पुस्तकाचीच भाषा धरली होती. मशीनआजीने पातेलं काठाला ठेवलं. म्हणून तुझा धक्का लागला. म्हणून दूध सांडलं. म्हणून आजीला बाऊ झाला.

भिंगरीने बापाच्या छातीवर हात ठेवला.

"असं नाही. आधीचं पान राहिलं."

बाप म्हणाला, पुस्तक नंतर वाचू. आई म्हणाली, दमलीये ती. पण भिंगरी दोघांकडे बघतच नव्हती. ती फोनआजीकडे बघत होती, आणि वाट बघत होती. कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलेलं, म्हणून ती बिचारी ते पान स्वतः वाचत नव्हती. एवढ्याशा पोरीने शब्द पाळला होता. तोंड दाबून.

फोनआजीला आपली लाज वाटली.

"पातेलं मधोमध होतं," ती म्हणाली. "कापड ओढायला मी शिकवलं. रोज खेळायचो आम्ही. कोणाला सांगू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं."

हे बोलतानाही आवाज आपोआप तोच निघाला, बोर्डवरचा, गुळगुळीत. स्वयंपाकघराच्या दारातून मशीनआजी कडाडली की तुम्हाला कोणी विचारलं होतं. मग सूनबाई बोलली, आणि तिने आवाज चढवला नाही हे जास्त वाईट झालं.

"खेळ शिकवलात त्याचं एवढं नाही, आई. चूक होते. पण माझ्यापासून लपवायला शिकवलंत."

दुसऱ्या दिवसापासून सूनबाईने रजा घेतली. फोनआजीला कोणी येऊ नका म्हटलं नाही, आणि या असंही म्हटलं नाही. नव्या गावी मशीनआजी जाणार हे तिला मुलाकडून फोनवर कळलं. तसंही त्यांचं शिवण बंदच होतं, असं तो म्हणाला. बरं झालं, असं ती म्हणाली.

निघायच्या दिवशी ती गेली. सामानाचा ट्रक पुढे गेला होता आणि दाराशी गाडी उभी होती. भिंगरी आधीच मागच्या सीटवर झोपली होती, काचेला गाल चिकटवून. सूनबाई रिकाम्या खोल्या झाडून बघत होती, मुलगा कुलपं शोधत होता. आणि पायरीवर मशीनआजी बसली होती, एका हाताने केसांचा अंबाडा घालायचा प्रयत्न करत. उजव्या हाताची बोटं पट्टीतून नुसती बाहेर डोकावत होती. केस धरावे तर आकडे पडत होते, आकडे उचलावे तर केस सुटत होते. लेकीला हाक मारायची तिची तयारी दिसत नव्हती. परत तेच ऐकावं लागलं असतं, झेपत नाही म्हणून.

फोनआजी वरच्या पायरीवर, तिच्या मागे जाऊन बसली. काही न विचारता तिने केस हातात घेतले. मशीनआजीची मान ताठ झाली, पण तिने ती ओढून घेतली नाही.

"घट्ट घाला," ती समोरच्या भिंतीला म्हणाली. "रस्ता लांबचा आहे."

फोनआजीने आकडे दातांत धरले आणि पीळ घातला. केस पातळ होते, पांढरे होते, अगदी तिच्यासारखेच. एकेक आकडा काढून ती खोचत गेली. तेवढ्यात मुलाने हॉर्न वाजवला. मशीनआजी उठली, डाव्या हाताने अंबाडा चाचपून बघितला, आणि गाडीत जाऊन भिंगरीचं डोकं काचेवरून काढून आपल्या मांडीवर घेतलं. मुलगा आईच्या पाया पडला. सूनबाईही वाकली. फोनआजीने दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला, मान हलवली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की एक आकडा अजून तिच्या दातांत तसाच होता, आणि ती कोणाला काहीच बोलली नव्हती.