भोवळीच्या खोलीतला पलंग

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. पण निजण्याचा नव्हे, आपटण्याचा. चक्कर तपासणाऱ्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. माझे पाय करवतीने कापले, तापवून जोडले, वर फळी ठोकली, फळीवर स्पंज घातला आणि स्पंजवर हिरवं रेक्झिन ताणून खिळे मारले. बालपण म्हणतात ते माझ्या वाट्याला एवढंच आलं.

इथे आल्याबरोबर कामाला जुंपलो. माणूस माझ्यावर बसतो. डॉक्टर मॅडम त्याचं डोकं दोन्ही हातांत धरतात, एका बाजूला वळवतात आणि त्याला झटकन मागे पाडतात, इतकं की डोकं माझ्या कडेबाहेर लोंबतं. "डोळे मिटू नका!" त्या ओरडतात. कानाच्या आत खोलवर खडूच्या भुकटीसारखे बारीक कण असतात. ते जागा सोडून भरकटले, की मान वळवताच जग गरगरतं आणि बुबुळं थरथरू लागतात. मग मॅडम डोकं ठरावीक क्रमाने वळवून त्या कणांना परत घरी धाडतात. बरा झालेला माणूस मॅडमना दुवा देतो. तोवर त्याने मला ओरबाडलेलं असतं, लाथा मारलेल्या असतात आणि पुष्कळदा माझ्यावर जेवण परत केलेलं असतं. "पलंग भक्कम आहे हो," अशी माझी स्तुती आजवर एकानेच केली. तो फर्निचर विकणारा होता.

एकदा एक मुलगी आली, उंच फळीवरून पाण्यात सूर मारणारी. सोबत वडील; तेच तिचे प्रशिक्षक. घरात पप्पा, तलावावर सर. तलावावरून थेट आलेली आई ओला टॉवेल मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली.

"हिला काही झालेलं नाही," वडील म्हणाले. "स्पर्धा जवळ आली की हिला चक्कर सुचते."

"कानाला मार लागलाय का गं?" मॅडमनी मुलीला विचारलं.

"पाण्यावर आपटला," उत्तर वडिलांनी दिलं.

"मी तिला विचारतेय."

"मला विचारा ना. ती बोलण्यात कच्ची आहे."

उजवीकडे पाडलं, काही नाही. डावीकडे पाडलं आणि बुबुळं थरथरली. मुलीने माझं रेक्झिन फाडलं आणि वडिलांच्या नव्या बुटांवर ओकली.

"नाटक करणाऱ्याला बुबुळं अशी नाचवता येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कण बसवले. "मी सांगेपर्यंत फळीवर चढवायचं नाही. वर असताना गरगरलं तर डोकं फुटेल हिचं."

वडिलांनी मान हलवली. मान त्यांची निरोगी होती.

थोड्याच दिवसांत मुलगी पुन्हा आली. पुढचा दात तुटलेला, हनुवटीला टाके. फळीच्या शिडीवरून कोसळली होती. पुन्हा डावाच कान. सोबत वडील, आणि बाहेरच्या बाकावर पुन्हा ओला टॉवेल घेतलेली आई.

"तुम्हीच कण नीट बसवले नाहीत," वडील म्हणाले. "परवा स्पर्धा आहे. आज हिला बरी करा, नाहीतर तुमच्या दवाखान्याचं नाव गावभर खराब करतो."

"बरं. पण घरी हा व्यायाम रोज करून घ्यावा लागेल. या, तुम्हीच शिका. दोन्ही हातांनी तिचं डोकं धरा."

यात डावपेच नव्हता. घरच्या कुणाला तरी शिकवल्याशिवाय मॅडम रोग्याला सोडतच नाहीत. वडील पुढे झाले. त्यांचा उजवा हात वर गेला. मुलगी माझ्यावर गोळा होऊन पडली, दोन्ही हात डाव्या कानावर, आणि एका दमात म्हणाली, "सॉरी सर, सॉरी सर, पुन्हा नाही चुकणार सर!"

आवाज ऐकून आई दारात आली होती.

"एक कानाखाली दिली तर कुणी मरत नाही!" वडील गरजले. "मीही खाऊनच मोठा झालोय!" त्यांनी मला लाथ घातली. माझा पाय वेल्डिंगपाशी मोडला. मॅडम मध्ये पडल्या, तर त्यांना भिंतीवर ढकललं आणि मुलीचा दंड धरून ओढलं. "ऊठ. तलावावर चल."

आईचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. तिने ओल्या टॉवेलला पीळ घातला आणि नवऱ्याच्या मनगटावर असा हाणला की दंड सुटला.

"आता मला मारा," ती म्हणाली. "घरी मारता ना? आज इथे मारा, सगळ्यांसमोर."

बाकावरचे रोगी भिंत धरधरून दारात जमले होते. त्यांतल्या एकालाही धड उभं राहता येत नव्हतं, पण वाटेतून कुणी हललं नाही. मॅडमनी पोलिसांना फोन लावला.

स्पर्धा तिच्याविना पार पडली. आता व्यायाम आई करून घेते. परवा दोघी मॅडमना दाखवायला आल्या आणि आईने डोकं धरायला हात उचलला, तेव्हा सवयीने मीच आक्रसलो. मुलीचे हात मात्र माझ्या फाटक्या रेक्झिनवर सैल पडून होते.

मित्रांनो, माझ्या मोडक्या पायाखाली वीट आहे. तोल तपासणारा पलंगच डुगडुगतो. तरी नवा पाय मी मागत नाही. कानाखाली वाजवीन, कानाखाली जाळ काढीन, असं आपण किती सहज बोलतो! माणसाचा तोल नेमका तिथेच ठेवलेला आहे. उद्या तुमचेही हात मोठे होतील. तो हात नुसता केस सारखे करायला उचललात, तरी समोरचं मूल कान झाकतं का, तेवढं बघा.